लिनक्स वर्कस्टेशनवर डिस्कची वाटणी: साधी पार्टिशन, एलव्हीएम की बीटीआरएफएस?

५१२ जीबीची एसएसडी, रूटला (सिस्टिमच्या फाइल्सचा भाग) ३० जीबी, उरलेलं सगळं होमला (तुमच्या स्वतःच्या फाइल्सचा भाग), ही वाटणी अनेकांच्या मशीनवर सापडते. मग डॉकरच्या (अ‍ॅप्स वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) इमेजेस आणि फ्लॅटपॅकची अ‍ॅप्स रूटमधल्या ‘व्हार’ फोल्डरमध्ये साचत जातात, रूट गच्च भरतं आणि होममध्ये तीनशे जीबी नुसते पडून असतात. कोणती पद्धत घ्यायची, हे अशा वेळी काय काय करावं लागेल ते पाहून ठरवावं.

साधी जीपीटी पार्टिशन, वर ईएक्सटी४

पार्टिशन म्हणजे डिस्कचा सलग तुकडा, जीपीटी ही त्यांची यादी ठेवायची पद्धत आणि ईएक्सटी४ ही आत फाइल्स मांडणारी फाइलसिस्टिम. पार्टिशन वाढतं ते शेवटाकडे, तेही पुढची जागा रिकामी असेल तर. रूटच्या पुढे होम असेल तर आधी होम लहान करायचं, मग त्याची सुरुवात पुढे सरकवायची, म्हणजे आतला डेटा उचलून हलवायचा. जीपार्टेड नावाचं साधन हे करून देतं, पण लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे यूएसबीवरून सुरू केलेल्या लिनक्समधून. काम तासन् तास चालू शकतं आणि मधेच वीज गेली तर होमची आशा सोडा. बॅकअपशिवाय यात पडूच नका.

क्रम चुकवून चालत नाही. लहान करताना आधी फाइलसिस्टिम, मग पार्टिशन. मोठं करताना आधी पार्टिशन, मग फाइलसिस्टिम. उलट केलं तर फाइलसिस्टिमचा शेवटचा भाग पार्टिशनच्या बाहेर राहतो. ईएक्सटी४ चालू असताना वाढतं, पण लहान करायला अनमाउंट करून (सिस्टिमपासून सोडवून) ‘ई२एफएससीके -एफ’ ही तपासणी चालवावीच लागते. एफडिस्क या कमांडमध्ये पार्टिशन काढून पुन्हा बनवत असाल तर सुरुवातीचा सेक्टर तोच ठेवा, आणि जुनी सिग्नेचर (फाइलसिस्टिमची ओळखखूण) पुसू का, असं विचारलं की ‘नाही’ म्हणा.

एलव्हीएम

एलव्हीएम म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर: डिस्क एका साठ्यात (व्हॉल्यूम ग्रुप) घालायची आणि त्यातून पार्टिशनसारखे व्हॉल्यूम काढायचे. इथे जागा सहसा ४ एमबीच्या तुकड्यांत वाटली जाते आणि ते तुकडे सलग असावे लागत नाहीत, त्यामुळे सरकवासरकवीचा प्रश्नच येत नाही. ‘एलव्हीएक्स्टेंड’ला ‘रिसाइजएफएस’चा पर्याय दिला की व्हॉल्यूम आणि फाइलसिस्टिम एका दमात वाढतात, रूट माउंट असतानाच. अट एवढीच की व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा हवी. इन्स्टॉल करतानाच सगळी डिस्क वाटून टाकणारे लोक एलव्हीएमचा निम्मा फायदा तिथेच घालवतात. ५१२ जीबीत रूट ६०, होम २००, बाकी मोकळं ठेवा.

लहान करताना मात्र जपून. ‘एलव्हीरिड्यूस’मध्ये ‘-२०जी’ म्हणजे वीस जीबीने कमी कर. उणे चिन्ह राहिलं तर त्याचा अर्थ वीस जीबीच ठेव. ‘रिसाइजएफएस’ सोबत असेल तर डेटा मावत नसताना काम अडतं. नसेल तर जुन्या आवृत्त्यांत फाइलसिस्टिम सरळ कापली जाऊ शकते. आणि वर एक्सएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर लहान करणं विसरा: बॅकअप, नवा फॉरमॅट, रिस्टोअर. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ पासून तिथे एक्सएफएसच डिफॉल्ट आहे, म्हणून इन्स्टॉलरने काय निवडलंय ते पाहून घ्या.

डिस्क एन्क्रिप्ट करायची असेल तर लक्स या एन्क्रिप्शनच्या आत एलव्हीएम बसवता येतं. एका पासफ्रेजमध्ये रूट, होम, स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) तिन्ही उघडतात. दोन डिस्क एका ग्रुपमध्ये जोडल्या म्हणजे सुरक्षितता आली, असं मात्र समजू नका. एक गेली की तिच्यावर पसरलेले व्हॉल्यूम गेले.

बीटीआरएफएस

ही ईएक्सटी४सारखीच एक फाइलसिस्टिम, पण जागेची वाटणीही तीच करते. फेडोरा वर्कस्टेशन २०२० मध्ये, ३३व्या आवृत्तीपासून, यावर आलं. रूट आणि होम हे सबव्हॉल्यूम (फाइलसिस्टिमचे आतले भाग) एकाच साठ्यातून जागा घेतात, त्यामुळे वरची अडचण मुळात येतच नाही. पार्टिशन लहान करायचं झालं तरी फाइलसिस्टिम चालू असतानाच लहान होते. पण होममध्ये एखादी फाइल बेसुमार वाढली तर रूटचीही जागा तीच खाते. जुने स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या जपलेल्या प्रती) राहिले तर फाइल्स पुसूनही जागा सुटत नाही. व्हर्च्युअल मशीनच्या मोठ्या इमेजेसचे सतत लिहिण्यामुळे तुकडे तुकडे होतात. त्यांच्या रिकाम्या फोल्डरला आधीच ‘सीएचअ‍ॅटर +सी’ (सी मोठ्या लिपीतला) लावून ठेवा.

मग काय घ्यावं?

एकाच डिस्कचं रोजच्या कामाचं मशीन असेल तर बीटीआरएफएस. डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन किंवा पुढे दुसरी डिस्क जोडायचा बेत असेल तर एलव्हीएमवर ईएक्सटी४. साधी पार्टिशन छोट्या डिस्कला पुरतात, पण मग वेगळ्या होमचा हट्ट सोडून एकच मोठं रूट करा.

ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइल्सचं) तिन्ही पद्धतींत बाहेरच राहतं, बूटही (कर्नलच्या फाइल्सचा भाग) वेगळं केलंत तर बहुधा तेच. दोन्हींना एकेक जीबी द्या. बूट २०० एमबीचं केलं तर दोन-तीन कर्नल साठल्यावर अपडेट मधेच अडकतं.