ईसीएचएस पॉलिक्लिनिकची गुरुवारची महिला ओपीडी, वर्षभराचा अनुभव

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना (एक्स-सर्व्हिसमेन काँट्रिब्युटरी हेल्थ स्कीम), आणि पॉलिक्लिनिक म्हणजे तिचा दवाखाना. स्टार द्यायचे तर ५ पैकी ४. पण नुसते स्टार देऊन कुणाला काही कळणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय, जरा लांबेल, पण आपल्यासारख्या बायकांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आधी माझ्याबद्दल. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून लेफ्टनंट कर्नल म्हणून रिटायर झाले (आम्ही एमएनएस म्हणतो, इथे लोकांना पक्ष वाटतो म्हणून पूर्ण नाव लिहिलं). पुण्याला एएफएमसीच्या, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजच्या, नर्सिंग कॉलेजात शिकले आणि पुढे पंचवीस वर्षं जिथे पोस्टिंग आलं तिथे गेले. १९९९ ला कॅप्टन होते आणि श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलला होते, त्यामुळे कारगिल युद्धाचा तो उन्हाळा कसा गेला असेल ते तुम्ही समजू शकता. नवरा बँकेत होता, आता तोही रिटायर. म्हणजे आमच्या घरात माजी सैनिक मी आहे आणि माझ्या कार्डावर डिपेंडंट तो आहे. हे मुद्दाम सांगतेय कारण सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

रिटायर झाल्यावर पहिली दोन वर्षं आम्ही दुसऱ्या शहरात होतो. तिथल्या पॉलिक्लिनिकचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी खिडकीवर गेले तर आतल्या मुलाने माझ्याकडे न बघता विचारलं, "साहेबांचं कार्ड द्या." मी माझं कार्ड पुढे केलं. त्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि मागे उभ्या माझ्या नवऱ्याला म्हणाला, "सर, रँक काय तुमची?" नवरा म्हणाला, "रँक त्यांची आहे, मी सिव्हिलियन." त्यावर तो मुलगा सॉरी म्हणाला, मुलगा वाईट नव्हता, पण पुढच्या खेपेला दुसरा मुलगा बसलेला होता आणि पुन्हा तेच. डॉक्टरांच्या खोलीतही तेच, गुडघा माझा दुखतोय आणि प्रश्न नवऱ्याला विचारतायत की मॅडमना कधीपासून त्रास आहे. दोन वर्षांत मला एकाही माणसाने विचारलं नाही की तुम्ही काय काम करायचात, कुठे होतात. गोळ्या मिळायच्या, बीपी बघायचे, चला पुढचा. मग मी जाणंच कमी केलं. थायरॉईडची गोळी स्वतःच्या पैशाने बाहेरून आणायचे. मी नर्स असून असं केलं, तर बाकीच्या बायका काय करत असतील.

गेल्या वर्षी आम्ही गावाकडे आलो, पश्चिम महाराष्ट्रातलं जिल्ह्याचं ठिकाण आहे. इथे घरटी एक फौजी, त्यामुळे पॉलिक्लिनिकला गर्दी कायम. एका ओळखीच्या वीरनारी ताईंनी सांगितलं की गुरुवारी या, गुरुवारी बाई डॉक्टर असतात आणि फक्त बायकांनाच बघतात. मी फार अपेक्षा न ठेवता गेले.

खिडकीवर मुलगी होती. तिने कार्ड घेतलं, स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, सर्व्हिस तुमची का?" बस, एवढंच. मला तिथेच बरं वाटलं खरं सांगते. नंतर कळलं की त्यांनी खिडकीवरच्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, कार्ड कुणाच्या नावावर आहे ते आधी वाचायचं, मग तोंड उघडायचं. या गोष्टीला एक रुपयाही लागत नाही.

आता डॉक्टरांबद्दल. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. चाळिशीच्या असतील. त्यांनी पहिल्या भेटीत मला पंचवीस मिनिटं दिली, बाहेर रांग होती तरी. कागदावर त्यांचे स्वतःचे प्रश्न लिहिलेले आहेत, छापील नाही, हाताने लिहून झेरॉक्स काढलेले. कुठे कुठे पोस्टिंग होतं, उंचावर किती वर्षं, रोज किती तास उभं राहायचात, पेशंट उचलायचात का, बाळंतपणं किती आणि त्यानंतर किती दिवसांत ड्युटीवर गेलात, पाळी कधी बंद झाली, झोप कशी आहे. आणि मग एक प्रश्न जो मला आयुष्यात कुठल्या डॉक्टरने विचारला नव्हता, "ड्युटीवर लघवी तुंबवून धरायचात का?"

अहो, धरायचोच की. कॉन्व्हॉयमध्ये दहा-दहा तास गाडीत, सगळे पुरुष, गाडी थांबली तरी आडोसा नाही, म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. ९९ ला वॉर्डमध्ये तर जागचं हलायलाच मिळायचं नाही, हेलिकॉप्टर उतरलं की एकामागून एक स्ट्रेचर. युरीन इन्फेक्शन किती वेळा झालं त्याचा हिशोब नाही, आम्ही आपापसात गोळ्या घ्यायचो आणि परत कामाला. हे सगळं मी त्यांना सांगितलं आणि मग बोलता बोलता हेही सांगितलं की आता खोकला आला, शिंक आली की थोडी लघवी निघते. मी हजारो पेशंटना बेधडक विचारलेला प्रश्न, पण स्वतःबद्दल सांगायला मला बारा वर्षं लागली. त्यांनी एवढंसुद्धा आश्चर्य दाखवलं नाही. म्हणाल्या, बाळंतपणं, जड उचलणं, पाळी जाणं, या सगळ्याने खालचे स्नायू सैल पडतात, त्याला व्यायाम आहे, नीट शिकून तीन महिने रोज करायचा. अटेंडंट ताईंसमोर बसवून शिकवला. तीन महिन्यांनी खरंच सत्तर टक्के फरक पडला, आता मी एसटीने पुण्यापर्यंत निर्धास्त जाते.

शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "श्रीनगरचं काही अजून रात्री आठवतं का, मॅडम?" मी एकदम गप्प झाले. एक मुलगा होता, वीस-एकवीसचा, माझा हात सोडत नव्हता, त्याच्याबद्दल मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. इथेही जास्त लिहीत नाही. त्यांनी घाई केली नाही, पाणी दिलं, आणि काउन्सेलिंगला जायचं का ते मला विचारून मगच रेफरल लिहिलं. जखमी सैनिकाला हा प्रश्न विचारायला हवा हे आता सगळ्यांना कळतं, पण त्याची जखम धुणाऱ्या बाईलाही विचारायला हवा हे फार थोड्यांना कळतं.

तपासणीची खोली छोटी आहे पण दाराला आतून कडी आहे, नुसता पडदा नाही. अटेंडंट ताई पूर्ण वेळ शेजारी उभ्या. मी नर्स आहे त्यामुळे माझी नजर बारीक बारीक गोष्टींवर जाते, पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी) घेताना त्यांनी छोट्या साइजचं स्पेक्युलम, म्हणजे आतून तपासायचं साधन, घेतलं, कोमट पाण्यात धरून, आणि प्रत्येक पायरीला आधी सांगून मग हात लावला. पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, मोठं थंड स्पेक्युलम घातलं की बाई परत आयुष्यात तपासणीला येत नाही. बीपीलासुद्धा दोन साइजचे कफ आहेत. दंड जाड असताना लहान कफ लावला की बीपी उगाच जास्त दाखवतं आणि बाईला नको ती गोळी सुरू होते, हे मी किती ठिकाणी बघितलंय.

मॅमोग्राफी इथे नाही, त्यासाठी पॅनलवरच्या हॉस्पिटलचं रेफरल देतात, कॅशलेस झालं, पैसे लागले नाहीत. थायरॉईड, कॅल्शियम, बीपीच्या गोळ्या बहुतेक वेळा मिळतात. एखादी एनए, म्हणजे शिल्लक नसली तर ठरवून दिलेल्या केमिस्टकडून मागवतात, त्याला मात्र दोन-तीन दिवस लागतात आणि परत खेप पडते.

एक स्टार का कापला ते पण लिहिते. एक तर हे फक्त गुरुवारी. मागच्या महिन्यात एक आजी भेटल्या, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, डोंगरातल्या गावाहून पहाटेची एसटी धरून आलेल्या, मला विचारतात, "बाई, आज डॉक्टरीणबाई हायत का?" दिवस मंगळवार. पुरुष डॉक्टरांना दाखवा म्हटलं तर नको म्हणाल्या आणि तशाच परत गेल्या. त्यांच्या पोटात खाली दुखत होतं, पाळी जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर डाग दिसत होता, हे त्यांनी मला बाकड्यावर कानात सांगितलं. असा डाग एकदाही दिसला तरी तपासायलाच हवा, मी त्यांना गुरुवारी परत यायला लावलं, मुलाला फोन केला, आल्या, रेफरल झालं. पण मी तिथे नसते तर? निदान आठवड्यातून दोन वार तरी हवेत, आणि वाराचा बोर्ड मराठीत मोठ्या अक्षरात बाहेर गेटवर हवा.

दुसरं म्हणजे स्टाफ सगळा कंत्राटी. या डॉक्टरांचं कंत्राट रिन्यू झालं नाही तर त्यांचा तो झेरॉक्सचा कागद त्यांच्याबरोबर जाणार. तो कागद सिस्टीममध्ये यायला हवा, म्हणजे नवीन कुणी आलं तरी तेच प्रश्न विचारले जातील. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी खात्यात, व्हीएमध्ये, प्रत्येक मेडिकल सेंटरला महिला सैनिकांसाठी वेगळी प्रोग्राम मॅनेजर नेमलेली असते आणि बायकांच्या तब्येतीचं खास ट्रेनिंग घेतलेले प्रायमरी डॉक्टर असतात. २०२३ मध्ये त्यांनी आपलं बोधवाक्यही बदललं, कारण जुन्यात सैनिक म्हणजे फक्त 'तो' होता. आपल्या योजनेच्या तर नावातच सर्व्हिसमेन आहे. नाव बदला असं माझं म्हणणं नाही, पण रेफरलच्या फॉर्मवर 'वाइफ ऑफ'ची जागा आपोआप गृहीत धरू नका.

मेडिकल आणि डेंटल कोअर आणि आम्ही नर्सेस सोडून बाकी आर्मीत बायका ऑफिसर म्हणून १९९२ पासून यायला लागल्या. त्यातल्या कित्येकजणी शॉर्ट सर्व्हिसच्या, म्हणजे ठरावीक वर्षांच्याच नोकरीच्या, चौदा वर्षांच्या आत बाहेर पडल्या, पेन्शनला वीस वर्षं लागतात म्हणून पेन्शन नाही, आणि पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसही नव्हतं. २०१९ मध्ये शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना योजना खुली केली, पण माझ्या ओळखीच्या दोघींना ही गोष्ट माझ्याकडून कळली. बायकांनाही परमनंट कमिशन, म्हणजे रिटायर होईपर्यंत नोकरी, द्यायचा सुप्रीम कोर्टाचा निकाल फेब्रुवारी २०२० चा. मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली बॅच बाहेर पडली, सतराजणी, मी टीव्हीवर बघताना रडले. या मुली उद्या पॅराशूटने उड्या मारतील, पाठीवर पंचवीस-तीस किलो घेऊन चालतील, त्यांचे गुडघे, कंबर, ओटीपोट कुणी तपासणार आहे का? आणि अग्निवीर मुली तर चार वर्षांनी बाहेर पडल्या की त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही, हे कार्डही नाही. गुडघा तर चौथ्या वर्षीही जाऊ शकतो. मला याची फार काळजी वाटते.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी: साडेआठच्या आधी नंबर लावा, कार्डाबरोबर जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा, डिस्चार्ज बुक असेल तर तेही, डॉक्टर खरंच वाचतात. पॅप स्मिअर करायचं असेल तर आधीचे दोन दिवस आतून कुठलंही औषध लावू नका. टॉयलेट स्वच्छ आहे, पाणी येतं, त्यामुळे सकाळी पाणी न पिता येऊ नका. आणि नवऱ्याला बरोबर आणलं तरी आत एकट्याच जा, बोलणं मोकळं होतं.

पुढच्या गुरुवारी मी त्या दोघींपैकी एकीला घेऊन जाणार आहे, तिचं कार्ड आत्ताच हातात आलंय, ऑर्डनन्समध्ये (आर्मीच्या सामान पुरवणाऱ्या शाखेत) कॅप्टन होती. खिडकीवर ती मुलगी असेल तर बरं.