टिटवी आधी ऐकू यावी, मग दिसावी: पॉवरपॉइंटमधील चित्र व ध्वनीच्या सोयी

पैठण तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीच्या वर्गाला परिसरातील पक्षी शिकवण्यासाठी मी पॉवरपॉइंट २०१९ वापरतो. जायकवाडीचा नाथसागर हाकेच्या अंतरावर असून तो १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, तरीही पक्षी वर्गात आणायचे म्हटले की चित्र आणि आवाज यांखेरीज उपाय नसतो. या दोन्हींपैकी आवाजाची सोय मला अधिक मोलाची वाटली.

‘इन्सर्ट’मधून ध्वनी घेतला की स्लाइडवर कर्ण्याचे लहान चिन्ह येते. ‘ट्रिम ऑडिओ’मध्ये हिरवी आणि लाल अशा दोन खुणा सरकवून नको तो भाग वगळता येतो, दीड मिनिटाच्या ध्वनिमुद्रणातून टिटवीची सहा सेकंदांची हाक वेगळी काढायला मला दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर लागले नाही. खरी किमया मात्र ‘अ‍ॅनिमेशन पेन’मध्ये आहे. स्लाइडवरच्या गोष्टी कोणत्या क्रमाने याव्यात ते या पट्टीत ठरते; तेथे मी ध्वनी पहिल्या क्रमांकावर ठेवला आणि चित्र त्यानंतरच्या क्लिकवर. काळ्या पडद्यावर नुसती ‘टिटीव टिटीव’ उमटली, तेव्हा मागच्या बाकावरची एरवी न बोलणारी मुलगी म्हणाली, “सर, ही तर आमच्या रानातली टिटवी हाय, ढेकळात अंडी घालती.” चित्र आधी दाखवले असते, तर सगळ्यांनी खालचे नाव वाचून दाखवले असते आणि विषय तेथेच संपला असता.

पक्ष्यांचे आवाज मी झेनो-कँटो या संकेतस्थळावरून घेतो. २००५पासून चालणाऱ्या या संग्रहात प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत त्याचा परवाना लिहिलेला असतो, त्यामुळे शेवटच्या स्लाइडवर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव देणे हे आपले काम. आकाराचेही भान ठेवावे लागते: सीडीच्या दर्जाची एका मिनिटाची वेव्ह फाइल (न दाबलेला ध्वनी) सुमारे १० एमबी होते, तर १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटची, दाबलेली एमपी३ जेमतेम १ एमबी. शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर हा फरक लगेच जाणवतो.

चित्रांच्या बाबतीत बहुतेक शिक्षकांचे चुकते ते येथेच. फोनवर काढलेल्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख बिंदू असतात आणि आमचा प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८, म्हणजे आठ लाखांहून कमी बिंदू दाखवतो. उरलेले सगळे फाइल जड करण्यापुरतेच. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये १५० पीपीआयचा, म्हणजे इंचाला १५० बिंदूंचा, पर्याय निवडला आणि कापलेला भाग काढून टाकण्याच्या चौकटीत खूण केली की हे ओझे उतरते. याउलट व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेले रोहित पक्ष्यांचे चित्र आधीच इतके दाबलेले असते की भिंतीवर पाय आणि पाणी एकमेकांत मिसळतात. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावे.

स्लाइड बदलताना टाळ्या किंवा कॅमेऱ्याचा आवाज काढण्याची सोयही आहे. ती वापरू नये, कारण दुसऱ्या स्लाइडनंतर मुले टाळ्यांचीच वाट पाहू लागतात.

एक फजिती सांगितली पाहिजे, आणि ती सर्वस्वी माझ्या हातून झालेली आहे. आमच्या केंद्रातील शाळांच्या शिक्षण परिषदेत हाच पाठ दाखवायला पेनड्राइव्हवर फाइल घेऊन गेलो. चित्रे दिसली, पक्षी मात्र मुके. ध्वनी घेताना मी ‘लिंक टू फाइल’ निवडले होते, म्हणजे आवाज शाळेच्या लॅपटॉपवरच राहिला होता. साधे ‘इन्सर्ट’ निवडले असते, तर तो फाइलच्या पोटात गेला असता. शिवाय आता फाइल हलकी राहावी म्हणून ‘फाइल’ आणि ‘इन्फो’मध्ये जाऊन ‘कॉम्प्रेस मीडिया’ केल्याशिवाय मी काहीही बाहेर नेत नाही, कारण ट्रिम करून वगळलेला भागही तोवर फाइलमध्ये तसाच दडून असतो.

ज्या शाळेत पॉवरपॉइंटचा परवाना घेणे परवडत नाही, तेथे लिबरऑफिस इम्प्रेस हे तसेच सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि चित्र व ध्वनी दोन्ही त्यात घालता येतात. लॅपटॉपच्या अंगच्या स्पीकरवर मात्र कोणीही विसंबू नये. पत्र्याच्या खोलीत पंखा सुरू असला की टिबुकलीचा आवाज तिसऱ्या ओळीपलीकडे पोहोचत नाही, म्हणून मी घरचा ब्लूटूथ स्पीकर पिशवीत घालून नेतो, आणि वीज जाण्याची धास्ती असल्याने तो आदल्या रात्रीच चार्ज करतो.