फेसबुकभोवती कुंपण: दहा महिने वापरल्यावर

सासूबाईंसाठी गुडघ्याचा पट्टा शोधत होते. घेतला नाही, दोन दुकानांच्या साइटवर नुसता पाहिला. काही दिवसांनी फेसबुकच्या सेटिंगमध्ये भटकताना एक यादी सापडली. फेसबुकच्या बाहेर आपण कुठे कुठे फिरलो, हे त्या त्या साइटवाल्यांनी फेसबुकला कळवलेलं असतं, त्याची यादी. ही सोय जानेवारी २०२० पासून सगळ्यांना आहे, मला पत्ता नव्हता. पट्ट्यांची दोन्ही दुकानं तिथे हजर! शिवाय एक पॅथॉलॉजी लॅब आणि एक नोकरीची साइट. प्रत्येकासमोर किती वेळा कळवलं तो आकडा, उधारीच्या वहीसारखा.

त्याच रात्री लॅपटॉपवर फायरफॉक्स ब्राउझरमध्ये 'फेसबुक कंटेनर' नावाची जोड (एक्स्टेन्शन) टाकली. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं आहे, फुकट आहे, २०१८ च्या मार्चमध्ये केंब्रिज ॲनालिटिका कंपनीने फेसबुककरांची माहिती परस्पर वापरल्याचा गदारोळ चालू असताना आलं. टाकताक्षणी ते फेसबुकच्या जुन्या कुकीज (तुम्हाला ओळखायला साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या चिठ्ठ्या) पुसतं आणि तुम्हाला लॉगआउट करतं. पासवर्ड आठवत नसेल तर आधी शोधून ठेवा. मी ठेवला नव्हता.

यामागची गोष्ट सोपी आहे. दुकानाच्या पानावर फेसबुकचं एखादं बटण असतं किंवा डोळ्यांना न दिसणारा, पिक्सेल नावाचा कोडचा तुकडा असतो. पान उघडलं की तो फेसबुकच्या सर्व्हरशी बोलतो आणि ब्राउझर सोबत तुमची कुकी देऊन टाकतो. म्हणजे बटण दाबायचीही गरज नाही, पान उघडलंत तेवढं पुरे. कंटेनर फेसबुकच्या कुकीज वेगळ्या डब्यात झाकण लावून ठेवतं. फेसबुक, मेसेंजर, इन्स्टाग्राम निळ्या टॅबमध्ये उघडतात, बाकी सगळं बाहेर. पोस्टमधल्या बातमीच्या लिंकवर टिचकी मारली की ती निळ्या टॅबच्या बाहेर पडून उघडते. २०१९ पासून तर इतर साइटवरून फेसबुकशी होणारा संपर्कच ते अडवतं, आणि अडवलेल्या बटणावर छोटं जांभळं कुंपण दिसतं. पहिल्या आठवड्यात मी कुंपणं मोजत बसले होते. रेसिपीच्या एकाच पानावर तीन!

त्रासही झाला. विणकामाच्या एका साइटवर मी कधीकाळी 'फेसबुकने लॉगिन करा' दाबून खातं काढलं होतं. नेमका अर्ध्यावर आलेला स्वेटर, त्याचा नमुना त्या खात्यात, आणि लॉगिन काही होईना. खिडकी उघडायची, मिटायची. अर्धा तास साइटला शिव्या घातल्यावर ते कुंपण दिसलं. त्या साइटला डब्यात यायची परवानगी देता येते. दिली, आत गेले, पहिल्यांदा ईमेल-पासवर्ड लावून घेतला आणि परवानगी काढून टाकली. तुमचीही अशी खाती असतील तर आधीच हे करून घ्या. रेसिपीच्या पानांत चिकटवलेले इन्स्टाग्रामचे व्हिडिओही दिसत नाहीत, तिथे रिकामा चौकोन येतो. मला त्याचं फार दुःख नाही.

आमच्या चिरंजिवांचं म्हणणं, फायरफॉक्स २०२२ च्या जूनपासून लॅपटॉपवर प्रत्येक साइटच्या कुकीज आपोआप वेगळ्या ठेवतंच, मग हे कशाला? त्याचं चूक नाही. पण कुकी वेगळी ठेवणं आणि संपर्कच तोडणं यात फरक आहे, आणि मला ते कुंपण डोळ्यांना दिसलेलं आवडतं.

जाहिराती कमी झाल्या का? अजिबात नाही. फक्त बावळट झाल्या. हल्ली मला ट्रॅक्टरचे टायर दाखवतात.

खरी अडचण फोनची. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये ही कंटेनरची सोयच नाही. आणि ॲप ठेवलं तर ब्राउझरमधली काळजी वाया जाऊ शकते: जून २०२५ मध्ये संशोधकांनी उघड केलं की अँड्रॉइडवर फेसबुक-इन्स्टाग्रामची ॲप्स फोनच्या आतूनच ब्राउझरमधल्या पिक्सेलची माहिती उचलत होती. बोभाटा झाल्यावर ते बंद केलं. ते वाचून मी फोनवरचं ॲप उडवलं. आता फेसबुक फक्त लॅपटॉपवर, जेवणं आटोपल्यावर. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो दोन दिवस उशिरा पाहिले म्हणून बोलणी खाल्ली, ती वेगळी.

त्या यादीच्या पानावर जुन्या नोंदी पुसायची आणि पुढच्या नोंदी खात्याला जोडू नका असं सांगायची सोय आहे. पण त्याने दुकानदार कळवायचे थांबत नाहीत, ते फक्त तुमच्या खात्याला चिकटत नाही. शिवाय मग फेसबुकने लॉगिन करायची सोयही जाते. मी जुनं पुसलं आणि पुढच्या नोंदी खात्याला जोडणं मुद्दाम चालू ठेवलं, कुंपण टिकतंय का ते कळावं म्हणून.

गेल्या रविवारी यादी पुन्हा उघडली. लॅपटॉपवर फिरलेल्या साइटपैकी एकही नाव नाही. दोनच नावं उरलीत. एक ॲप उडवायच्या आधीचं, फोनवरचं. दुसरं साड्यांच्या एका दुकानाचं, ज्याची साइट मी आयुष्यात उघडलेली नाही. बराच वेळ डोकं खाजवलं. मग आठवलं, बिल करताना काउंटरवरच्या मुलीने मोबाइल नंबर विचारला होता आणि मी पन्नास रुपयांच्या सवलतीसाठी तो खणखणीत आवाजात सांगितला होता.