पिको-८ वापरून सात महिने झाले, गेमची आयडिया सुचत नसेल त्यांनी वाचा

रोज रात्री दुकान बंद केल्यावर दीड-दोन तास, असं सात महिने पिको-८ हे गेम बनवायचं छोटं सॉफ्टवेअर वापरतोय, त्यामुळे आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. यात गेम कसा बनतो हे सांगणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, ते बघा. मी लिहितोय ते त्याच्या आधीच्या भागाबद्दल. गेम तर बनवायचाय पण नक्की कसला बनवायचा हेच ठरत नाही, तिथे माणूस वर्षं घालवतो, मी घालवली, आणि तिथून मला या सॉफ्टवेअरने बाहेर काढलं.

माझं सांगतो आधी. मालवण तालुक्यात आचऱ्याला तिठ्यावर आमचं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान, लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा गेम आला तेव्हापासून डोक्यात होतं की आपल्याकडची माणसं करतात तर आपण पण करायचं. मग वही केली. त्यात सिंधुदुर्ग किल्ला, १६६४ साल, गुराबा आणि गलबतं ही जुनी जहाजं, समुद्रावर लढाया, किल्ल्यातली भुयारं, दशावताराचे राक्षस, सगळं थ्रीडी, आणि वर पूर्ण मालवण बाजार फिरता आला पाहिजे. वही भरली, दुसरी घेतली. मध्येच आमच्या गावपळणीवर गेम करावा असं वाटलं. माहीत नसेल त्यांना सांगतो, दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की आख्खा आचरा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो, गुरं-कोंबड्या-कुत्री सगळं घेऊन, घरात कोणी म्हणजे कोणी थांबत नाही. त्या रिकाम्या गावात मागे काय होत असेल, यावर तर मी नकाशेच्या नकाशे काढले. दोन वर्षांत एक पण गोष्ट स्क्रीनवर हलली नाही. गेम बनवायचं मोठं सॉफ्टवेअर, ज्याला इंजिन म्हणतात, ते टाकून बघितलं होतं, माझ्या लॅपटॉपवर उघडायलाच इतका वेळ जायचा की तोपर्यंत उत्साह संपायचा, त्यात इंजिनची चूक नाही, माझं मशीनच तेवढं नव्हतं.

तर पिको-८ म्हणजे काय. याला फँटसी कन्सोल म्हणतात, म्हणजे जुन्या काळच्या गेमच्या मशीनसारखं मशीन, फक्त ते खरं कधी बनलंच नाही, तुमच्या कॉम्प्युटरच्या आतच आहे. लेक्सालॉफल नावाने जोसेफ व्हाइट हे करतात. स्क्रीन १२८ बाय १२८ पिक्सेल. रंग १६. कंट्रोल म्हणजे चार बाण आणि दोन बटणं, बस. आवाजाचे चार चॅनेल, म्हणजे एका वेळी चारच आवाज. आख्खा गेम, चित्रं कोड गाणी धरून, ३२ केबीच्या एका कार्टमध्ये, म्हणजे गेमच्या फाईलमध्ये, बसला पाहिजे, आणि कोडला ८१९२ टोकनची मर्यादा, म्हणजे ढोबळमानाने तुम्ही लिहिलेलं प्रत्येक नाव, आकडा, चिन्ह मोजलं जातं आणि ८१९२ ला फाटक बंद. कोड लुआ भाषेत. कोड लिहायला, चित्र काढायला, नकाशा, आवाज, संगीत सगळ्याचे एडिटर आतच आहेत, वेगळं काही डाऊनलोड करायला लागत नाही आणि नेट लागत नाही. हे शेवटचं आमच्याकडे फार महत्त्वाचं, कारण पावसात इथे लाईट गेली की टॉवर पण जातो, आणि मी तेव्हा लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत आरामात काम केलेलं आहे.

हे सगळं वाचून पहिल्यांदा मला पण वाटलं की एवढ्याशा जागेत काय होणार. पण सेलेस्ट नावाचा गेम आहे ना, तो २०१५ मध्ये मॅडी थॉरसन आणि नोएल बेरी या दोघांनी चार दिवसांत पिको-८ वरच केला होता, आणि त्याचाच पुढे मोठा गेम होऊन २०१८ ला आला. त्या छोट्या गेममध्ये काय होतं तर एक पोरगी, एक डोंगर, उडी आणि हवेत मारायचा एक झपाटा. डोंगर चढायचा. एवढंच. मी तो खेळलो आणि मग माझ्या दोन वह्या उघडल्या. एवढी पानं उलटली पण माझ्या गेममध्ये खेळणारा बोटाने काय करणार हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. किल्ला होता, इतिहास होता, राक्षस होते, पण बटण दाबलं की काय होणार याचं उत्तर नाही.

मग गेल्या जूनमध्ये ठरवलं की एकच स्क्रीन. १२८ पिक्सेल म्हणजे ८ पिक्सेलचे चौकोन धरले तर आडवे १६ आणि उभे १६. वहीत पेन्सिलने १६ बाय १६ च्या चौकटी आखल्या आणि त्यात किल्ला बसवायला गेलो, बसेना. रापण बसवली, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसं जाळं ओढतात ती, ती बऱ्यापैकी बसली पण वीस-पंचवीस माणसं एका वेळी दोन बटणांवर कशी चालवायची ते जमेना. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, दुकानात गिऱ्हाईक कमी, त्यामुळे रोज एक चौकट काढायची आणि खोडायची हेच चाललं होतं. आणि एक दिवस आजी सहज म्हणाली की आता पाऊस सरला की कालवं काढूक जाऊया, आणि मला एकदम दिसलं की हे बसतं.

ज्यांनी केलं नाही त्यांना सांगतो. ओहोटी लागली की खडप उघडं पडतं, त्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, बायका टोकदार लोखंडी हत्याराने ती फोडून आतलं मांस काढतात, कमरेतून वाकून, तासन् तास. आणि पाणी परत यायच्या आत मागे फिरायचं. आजीने हे चाळीस वर्षं केलंय. मी लहान असताना सोबत जायचो तेव्हा तिचं एक वाक्य ठरलेलं, "झिला, पाणी काय तुका इचारून येवचा नाय." आणि दुसरं, "खाली बघलंस काय पाणी दिसणा नाय." हे दुसरं वाक्य म्हणजेच माझा गेम आहे. एक बटण दाबलं की बाई वाकते आणि कालव काढते, पण वाकली की स्क्रीनवर फक्त पायाजवळचा खडक दिसतो, समुद्र दिसतच नाही. दुसरं बटण दाबलं की ती उभी राहते आणि मान वर करून पाणी कुठे आलं ते बघते, पण तेवढा वेळ काम थांबतं. टोपली भरायची आणि घरी यायचं. दोन वर्षं वहीत जे सापडलं नाही ते दोन बटणांत आलं, कारण तिसरं बटण नव्हतंच.

भरतीचं गणित तर अजून भारी जमलं, त्यावर थोडं जास्तच लिहितो. आपल्याकडे जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असली तर आठ गुणिले पाऊण, सहा वाजता भरती. प्रतिपदेला पाऊण वाजता. अगदी मिनिटावर नाही पण साधारण बरोबर येतं, कारण भरती रोज पन्नासएक मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आपल्या जुन्या दोन घटका. ही आजीची आकडेमोड माझ्या कोडमध्ये जशीच्या तशी एका ओळीत आहे, तिथी गुणिले ०.७५. पुढे पाणी वर-खाली करायला साइन, म्हणजे त्रिकोणमितीतली ती लाट, वापरायची, आणि पिको-८ मध्ये साइन उलटी असते, पाव फेऱ्याला शाळेत १ यायचा तिथे यात -१ येतो, कारण स्क्रीनवर आकडा वाढला की वस्तू खाली जाते. पहिल्यांदा मी गोंधळलो, पण पाण्यासाठी हे अगदी सोयीचं आहे, भरती म्हटलं की पाणी आपोआप वर चढतं.

पुनव-अवसेला उधाण, ओहोटीला पाणी लांबपर्यंत समुद्रात मागे जातं, खडप मोठं उघडं पडतं, कालवं भरपूर, पण तेवढ्याच सहा तासांत जास्त पाणी परत यायचं असतं म्हणून ते येतं पण झपाट्याने. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी, खडप थोडंच उघडतं पण पाणी पण निवांत. म्हणजे सोपी लेव्हल कठीण लेव्हल असं मला काही ठरवायलाच लागलं नाही, पंधरा तिथ्या म्हणजे पंधरा लेव्हल, चंद्रानेच करून ठेवलेल्या. हे सुचलं त्या रात्री मी झोपलो नाही.

अडचणीच्या जागा पण सांगायला हव्यात. यातली अक्षरं ३ बाय ५ पिक्सेलची, त्यात देवनागरी मावणं शक्यच नाही, जोडाक्षर आणि वेलांट्या सोडूनच द्या. मी तिथींची नावं चित्रं म्हणून काढली, प्रत्येक नावाला तीन-चार चौकोन गेले, आणि बाकी सगळं लिखाण गेममधून काढूनच टाकलं, पाणी आलं हे आवाजावरून कळतं. ज्यांना मराठीत गोष्ट सांगणारा, संवादांचा गेम करायचाय त्यांनी हे घेऊ नये, स्पष्ट सांगतो, त्यांना दुसरं काहीतरी बघावं लागेल. १६ रंगांत आमच्या खाडीचा पावसाळ्यातला तो मातकट रंग मिळत नव्हता, मग कळलं की आत अजून १६ लपवलेले रंग आहेत, एका वेळी स्क्रीनवर १६ च दिसतात पण आपण बदलून घेऊ शकतो, त्यातला एक तपकिरी मी घेतलाय.

किंमत १४.९९ डॉलर, एकदाच, महिन्याचं काही नाही. आपले बाराशे-तेराशे होतात, इंटरनॅशनल पेमेंट चालणारं कार्ड लागतं, माझं नव्हतं, मुंबईच्या आतेभावाने भरले. पण माझं ऐकाल तर आधी पैसे देऊच नका, ब्राउझरमध्ये चालणारी एज्युकेशन एडिशन फुकट आहे, तिच्यात महिनाभर खेळून बघा, पोरांना शिकवायला पण तीच चांगली. विंडोज, मॅक, लिनक्स, रास्पबेरी पाय सगळ्यावर चालतं. झालेला गेम वेब पेज म्हणून काढता येतो, मोबाईलवर उघडला की बटणं स्क्रीनवरच येतात. आणि कार्ट म्हणजे चक्क एक पीएनजी चित्र, त्या चित्राच्या आतच आख्खा गेम साठवलेला असतो, हे मला अजून जादूसारखं वाटतं. व्हॉट्सअपवर पाठवताना मात्र फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून गेलं की चित्र दाबलं जातं आणि आतला गेम गेलाच म्हणून समजा.

चतुर्थीला सगळे चाकरमानी घरी आले तेव्हा मोबाईलवर पोरांना दिला. आतेभावाची पोरगी, दहा वर्षांची, पाच-सहा वेळा बुडाली आणि मग किचनमध्ये जाऊन कालनिर्णय काढून बघायला लागली की आज तिथी कुठली. ती जन्मापासून ठाण्यात राहते. मला यापेक्षा चांगला रिव्ह्यू कोणी देऊ शकणार नाही.

आजीला दाखवायला मी घाबरत होतो, तिची नजर पण कमी झालीय. लॅपटॉपला टीव्हीची केबल लावली आणि मोठ्यावर दाखवलं. तिने शांतपणे बघितलं, बाईचं लुगडं नीट नेसवलंय म्हणाली, आणि मग पाणी चढायला लागल्यावर एकदम बोट दाखवून म्हणाली, "ह्या चुकीचा आसा. पाणी फुडसून येणा नाय, आधी मागचो चर भरता." म्हणजे आपण समुद्राकडे बघत बसतो, आणि पाणी आपल्या मागच्या, किनाऱ्याकडच्या चरीत आधी शिरतं आणि परतीची वाट तोडतं. मी पाणी सरळ समोरून आणत होतो. इतकी वर्षं तिच्यासोबत जाऊन हे मला माहीत नव्हतं, कारण ती वेळेत हाताला धरून काढायची.

आता नुसतं मान वर करून चालणार नाही, मागे वळून पण बघावं लागेल, आणि बटणं दोनच आहेत. सध्या असं करतोय की उभी असताना खालचा बाण दाबला की ती वळते. कालपर्यंत ६१४० टोकन झाले, चर भरायचा कोड साधारण तीनशे घेईल. तो झाला की परत आजीला दाखवणार.