जुन्या पिकअपवर कॅम्पर बांधताना: हौद्याचा पत्रा की चॅसिस?

साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासकडे चढताना प्रत्येक वळणावर कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवलेली राहण्याची खोली, बाहेरच्या बाजूला झुकतो आणि त्याची ओढ त्याला गाडीशी बांधणाऱ्या आकड्यांवर (हुकांवर) येते. हे आकडे हौद्याच्या पत्र्याला लावणे स्वस्त आणि झटपट होते. परंतु जुन्या गाडीचा पत्रा जोडांपाशी व बोल्टच्या भोकांभोवती आतून गंजलेला असू शकतो, वरून रंग शाबूत दिसला तरी स्क्रू ड्रायव्हरने टोचताच पापुद्रे सुटतात, आणि असा पत्रा ओढीने फाटतो. चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बोल्टने बसवलेले ब्रॅकेट महाग पडतात, तरीही ओढ थेट सांगाड्यावर जात असल्यामुळे मी तेच निवडेन. मात्र चॅसिसचा गंजही आधी तपासावा. स्प्रिंगचे टर्नबकल (कॅम्पर आकड्याशी जोडून फिरवून ताणायचे स्क्रू) खड्ड्यांतले हिसके सोसतात. हौद्यात रबरी मॅट दोन्ही पद्धतींत हवीच, कारण ब्रेक दाबल्यावर कॅम्परचे पुढे सरकणे तिच्यामुळे कमी होते.