शर्करासाखळीसाठी अँटिबॉडी: अख्खी पेशी टोचायची की नुसती साखळी?

पेशीवरची ठराविक शर्करासाखळी (साखरेच्या रेणूंची माळ) ओळखणारी मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून मिळणारी एकसारखी अँटिबॉडी बनवायची असेल, तर आधी एकच बघा: ती साखळी कोणती, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

ठाऊक नसेल तर उंदराला अख्खी पेशीच टोचा. १९७८ साली सोल्टर आणि नोल्स या संशोधकांनी टेराटोकार्सिनोमा या गाठीच्या एफ-९ पेशी टोचून एसएसईए-१ या पेशीवरच्या खुणेची अँटिबॉडी मिळवली. ती लुईस-एक्स नावाच्या शर्करासाखळीला चिकटते, हे नंतर उमगलं. मला या वाटेचं मोल वाटतं ते यासाठीच: आपल्याला न सुचलेली साखळी उंदीर दाखवून देतो. मात्र पेशीवर प्रथिनंही खच्चून असतात, त्यामुळे शेकडो क्लोन (अँटिबॉडी बनवणारे पेशीवंश) चाळायची तयारी हवी.

साखळी ठाऊक असेल तर ती केएलएच या समुद्री गोगलगायीच्या प्रथिनासारख्या वाहक प्रथिनाला जोडून टोचा. नुसत्या साखळीला प्रतिकारशक्तीतल्या टी पेशींची मदत मिळत नाही, म्हणून बहुधा आयजीएम प्रकारची अँटिबॉडीच हाती येते. वाहकामुळे आयजीजी या सहसा जास्त घट्ट धरणाऱ्या प्रकाराची शक्यता वाढते, खात्री मात्र नाही. खरा फटका चाळणीत बसतो. टोचलेलंच संयुग एलायझाला (अँटिबॉडी चिकटली की रंग दाखवणाऱ्या चाचणीला) वापरलं की प्लेट पिवळीधमक होते आणि जीव हरखतो. तीच साखळी वेगळ्या जोडणीने बीएसए या दुसऱ्या प्रथिनावर बसवून तपासली की बरेचसे वेल्स (प्लेटमधले खळगे) कोरे राहतात, कारण ते क्लोन केएलएचला नाहीतर जोडणीला चिकटत होते. ही दुसरी प्लेट पहिल्याच दिवशी तयार ठेवा.

साखळी उंदराच्या स्वतःच्या अंगातही असेल, तर दोन्ही वाटा अडखळतात, कारण आपल्याच साखळीला त्याचं शरीर सहसा परकं मानत नाही. गुंतागुंतीच्या गँग्लिओसाइडसाठी (सियालिक आम्ल असलेली साखळी चरबीला जोडलेला रेणू) तर ते बनवणारं जनुक काढलेले उंदीर वापरतात आणि त्यांच्याकडून आयजीजीही मिळते.

फाज डिस्प्लेला (जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर अँटिबॉडीचे तुकडे बसवून त्यांतून निवडायच्या पद्धतीला) उंदीर लागत नाही, पण सुरुवात तिथून करू नये असं माझं मत आहे. साखरेवरची पकड मुळातच सैल असते. आयजीएम दहा हातांनी धरते म्हणून टिकते, फाजवरचा तुकडा बहुधा एकाच हाताने धरतो आणि धुताना निसटतो. हाती आलेल्या क्लोनची पकड घट्ट करायला मात्र फाज डिस्प्ले उत्तम.

वाट कुठलीही धरा, निवडलेला क्लोन ग्लायकॅन अ‍ॅरेवर (अनेक शर्करासाखळ्या बसवलेल्या पट्टीवर) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. साखळीच्या टोकाला सियालिक आम्ल असेल, तर पेशींवर ते आम्ल तोडणारं सियालिडेज फिरवून बघा. त्यानंतरही अँटिबॉडीची चमक तशीच राहिली, तर तुमची अँटिबॉडी बहुधा भलतंच काही धरून बसली आहे.