नव्या बोटीचे नाव: एकवीरा, गावदेवी, आईचे की जुन्याच बोटीचे?

मासेमारीची पावसाळी बंदी संपत आली की कोकण किनाऱ्यावर नव्या बोटींना शेवटचा रंग लागतो. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस समुद्र बंद, त्यामुळे बांधणी, इंजिन, कागदपत्रे सगळे याच काळात उरकायचे असते. नावाचा प्रश्न मात्र नारळी पौर्णिमा तोंडावर येईपर्यंत लोंबकळत राहतो. आजी एक म्हणते, पोरे दुसरे, आणि पैसे घातलेला मेहुणा तिसरेच. ज्यांच्या दारात यंदा नवी बोट आहे त्यांच्यासाठी ही तुलना. खरे पर्याय चारच: मोठ्या देवस्थानाचे नाव, आपल्या गावच्या देवीचे, घरातल्या माणसाचे, किंवा आधीच्या बोटीचे. इतिहासातली नावेही हल्ली पुढे येतात, त्यांचा विचार शेवटी.

नाव नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, कसे दिसेल याचा विचार सगळे करतात. मी म्हणेन, आधी ते मोठ्याने हाक मारून बघा. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओ सेटच्या 16 नंबर चॅनलवर संकटाचा संदेश देण्याची रीत ठरलेली आहे. ‘मेडे’ ही संकटाची हाक तीनदा, मग बोटीचे नाव तीनदा, मग पुन्हा एकदा ‘मेडे’ आणि नाव. त्यानंतर बोट कुठे आहे, काय झाले, माणसे किती. म्हणजे जागा सांगायच्या आधीच नाव चार वेळा तोंडातून जाते, तेही वारा, इंजिन आणि सेटची खरखर चालू असताना, आणि कदाचित बोट चालवणारा तांडेल नव्हे तर वीस वर्षांचा खलाशी बोलत असताना. ‘श्री जय आई एकवीरा माता प्रसन्न’ हे चार वेळा म्हणून बघा. मग ‘गोलफादेवी’ चार वेळा म्हणा. फरक लगेच कळतो.

आता एकवीरा. कार्ल्याची आई ही कोळ्यांची कुलदेवता, चैत्रात तिच्या जत्रेला किनाऱ्यावरचे गावच्या गाव जाते. तिचे नाव बोटीला द्यावेसे वाटणे यात काहीच गैर नाही, उलट कित्येक घरांत दुसरे नाव सुचतच नाही. अडचण नेमकी तीच आहे. तिन्हीसांजेला बोटी बंदराकडे वळतात तेव्हा सेटवर कान दिला तर ऐकू येते:

“एकवीरा, एकवीरा, कुठं आहेस?”

“कुठली एकवीरा? वर्सोव्याची का मोऱ्याची?”

दोघी उत्तर देतात, तिसरी ऐकून गप्प बसते कारण तिला वाटते हाक आपल्याला नाही. मासळीच्या भावाचे बोलणे असेल तर एवढ्याने काही बिघडत नाही. जाळे पंख्यात अडकून बोट वाहत चालली असेल तर बिघडते. जीवदानी, महालक्ष्मी, साई यांचेही तेच. उत्तन-वसईकडे सेंट अँथनी आणि वेलंकनी, रत्नागिरीकडे अल मदिना या चालीची नावे, तिथेही हीच गर्दी. मग बंदर आपली वाट काढते आणि तुमच्या बोटीला ‘पाटलांची एकवीरा’ म्हणू लागते. एवढ्या हौसेने ठेवलेल्या नावापेक्षा आडनावच पुढे जाते.

कागदावर आणखी एक त्रास. एकवीरा इंग्रजीत निदान तीन तऱ्हांनी लिहितात: मध्ये एक ‘ए’ घालून किंवा न घालता, ‘वी’साठी ‘आय’ किंवा दोन ‘ई’. नोंदणीत एक, विम्यात दुसरे, कर्जाच्या कागदात तिसरे असे झाले की दाव्याच्या वेळी हेलपाटे आलेच. कुठलेही नाव ठेवा, इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरवून कागदावर लिहा आणि प्रत्येक अर्जाला तोच कागद समोर धरा. नंतर नाव बदलणे म्हणजे नोंदणी, परवाना, विमा, मच्छीमार सोसायटी, सगळीकडे पुन्हा फेरी.

कुणी म्हणेल, नोंदणीचा नंबर असतोच ना? असतो, ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा, आणि तो ठळक रंगवलाच पाहिजे. पण तो वाचायचा नंबर आहे. अंधारात शेजारच्या बोटीला कुणी नंबराने हाक मारत नाही.

म्हणून माझा पहिला कौल गावच्या देवीला. मढची हरबादेवी, वरळी कोळीवाड्याची गोलफादेवी, मालवणकडे भराडीदेवी किंवा रवळनाथ. श्रद्धा तीच राहते, घरातली आजीही नाही म्हणत नाही, आणि नाव ऐकताच बोट कुठल्या बंदराची ते लांबच्या माणसाला कळते. नौदलाने लांब सागरप्रवासाच्या दोन शिडाच्या बोटींना नावे देताना हेच केले. दोन्ही बोटी गोव्यात बांधलेल्या. पहिलीचे नाव ‘म्हादई’, गोव्याच्या मातीतले. तिच्यातून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असे करणारे ते पहिले भारतीय. दुसरी ‘तारिणी’, ओडिशातल्या तारातारिणीच्या नावाची. 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाला वळसा घालून आल्या. दुर्गा, लक्ष्मी अशी सर्वांना ठाऊक असलेली नावे हाताशी होती, तरी निवडली ती एका जागेशी बांधलेली. तीन-चार अक्षरे, दुसऱ्या कशाशी गल्लत नाही.

एक अट आहे. गावात त्या देवीच्या नावाची बोट आधीच असेल, तर त्या घरी जाऊन विचारा आणि सोसायटीच्या यादीत बघा. दोन असतील तर हा पर्याय सोडून द्या, कारण मग पुन्हा एकवीरेचीच गत.

आईचे किंवा मुलीचे नाव मला मनापासून आवडते. डिझेल, बर्फ, खलाशांचा हिशेब, मासळीचा लिलाव आणि बाजार, यातले किती ओझे घरातल्या बाईने वाहिलेले असते ते कोळीवाड्यात सांगावे लागत नाही. तिचे नाव नाळेवर असणे हा तिचा मान आहे. पण बोट दोन भावांची असेल तर आधी बसून बोला. एका भावाच्या मुलीचे नाव लागले की दुसऱ्या घरात ते रोज टोचत राहते. अशा वेळी आईचे नाव बरे, ती दोघांचीही. दुसरी गोष्ट, बोटी विकल्या जातात. उद्या परक्या मालकाच्या हाती मुलीच्या नावाची बोट पाहवेल का, हे आजच मनाला विचारून ठेवा.

जुन्या बोटीचे नाव नव्या बोटीला देण्याबद्दल गावोगाव मतभेद आहेत. मला विचाराल तर, जुनी बोट चांगली चालली असेल आणि मोडीत निघाली असेल तर हा पर्याय गावदेवीच्याही वर. बंदराला नाव पाठ असते, व्यापाऱ्याला पाठ असते, हाक मारणाऱ्याची जीभ वळलेली असते. नौदलही नावे अशी पुन्हा देते. ‘विक्रांत’ 1961 मध्ये आली, 1997 मध्ये निवृत्त झाली आणि 2022 मध्ये त्याच नावाची नवी विमानवाहू नौका कोचीत सेवेत आली. ‘खांदेरी’ ही 1968 ची पाणबुडी 1989 मध्ये निवृत्त झाली, 2019 मध्ये नवी खांदेरी आली. मात्र जुनी बोट नावासकट विकली असेल तर ते नाव आता तुमचे राहिलेले नाही. जुनी नोंदणी रद्द झाल्याचा कागदही हातात असू द्या. आणि त्या बोटीवर माणूस गेला असेल, तर निर्णय त्या माणसाच्या घरच्यांचा. त्यांना न विचारता ते नाव पुन्हा रंगवू नये.

इतिहासातली नावे, म्हणजे कान्होजी, सिंधुदुर्ग, खांदेरी. ऐकायला दमदार, पण तटरक्षक दल आणि नौदल असलेल्या पाण्यात युद्धनौकेशी जुळणारे नाव घेऊन सेटवर गोंधळ कशाला वाढवायचा? मी हा पर्याय सोडेन.

रंगाऱ्याकडे जाताना एवढे बघा. नाळेकडे फळी वर चढते आणि आतही वळते. दोरा धरून आखलेली सरळ रेघ थोड्या अंतरावरून खाली लोंबल्यासारखी दिसते, म्हणून जाणता रंगारी अक्षरे फळीच्या चढाबरोबर वर नेतो. लांब नावाला तिथे जागाच नसते, मग अक्षर बारीक करावे लागते आणि ते धक्क्यावरूनही वाचता येत नाही. ‘श्री’, ‘जय’, ‘प्रसन्न’ हे शब्द हवेच असतील तर केबिनवर वेगळ्या ओळीत लिहून घ्या, नाळेवर आणि नोंदणीच्या अर्जात फक्त नाव द्या. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही रंगवा, कारण समुद्रात मदतीला येणारा माणूस केरळचा असेल किंवा आसामचा.